बुद्धिबळातील सुलतान : मीर सुलतान खान

बुद्धिबळ हा खेळ मूळचा आपला, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. चतुरंग ह्या नावाने तो ह्या भूमीत जन्मला, इराणातून अरबांकडे गेला, अरबांकडून युरोपात पोचला आणि तिकडे कित्येक शतके राहून, नवे कपडे घालून, नवे नियम शिकून परत आपल्याकडे आला. परत आला तेव्हा आपल्याच लोकांना तो परका वाटला. ह्या परक्या झालेल्या खेळात विलायतेला जाऊन तिथल्या भल्याभल्यांना नमविणारा एक माणूस आपल्या देशात होऊन गेला. त्याचे नाव मीर सुलतान खान. विश्वनाथन आनंद यांचे नाव आज शेंबडे पोरही सांगते. 2024 साली जगज्जेता झालेला गुकेश, नाशिकचा विदित गुजराथी, 2025 साली महिलांचा विश्वचषक जिंकणारी आपल्या नागपूरची दिव्या देशमुख ही नावे वर्तमानपत्रांतून घरोघर पोचली आहेत. पण आनंद 1988 साली भारताचे पहिले ग्रँडमास्टर झाले त्याच्या अर्धशतकाहून अधिक आधी हा पंजाबी माणूस जगातल्या पहिल्या दहा खेळाडूंत गणला जात होता, हे आमच्या वर्गात विचारले तर एकालाही ठाऊक नव्हते. म्हणून हा लेख.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. ‘सुलतान’ हे त्यांचे नाव होते, पदवी नव्हे. ते कुठल्या संस्थानचे राजे नव्हते. विलायतेतल्या काही लोकांचा मात्र तसा गोड गैरसमज झाला होता म्हणतात!

सुलतान खान यांचा जन्म विसाव्या शतकाच्या आरंभी, 1903 ते 1905 च्या दरम्यान, पंजाबातील मिठा टिवाणा ह्या गावी झाला. हे गाव आज पाकिस्तानात, खुशाबच्या बाजूला आहे. वडिलांचे नाव मियाँ निजामुद्दीन. वयाच्या नवव्या वर्षी वडिलांनीच मुलाला पटासमोर बसविले. अर्थात तो पट आपला देशी होता. आमच्या चाकूरकडे म्हातारी माणसे अजूनही जो डाव खेळतात, त्याच जातीचा. माझ्या आबांनी मला जो खेळ शिकविला त्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते. दोन घरांची मुभा नाही. किल्लेकोट बांधणे हा प्रकार नाही. त्याऐवजी शह बसण्यापूर्वी राजाला एकदाच घोड्याची अडीच घरे उडी घेता येते. प्यादे शेवटच्या घराला पोचले की ते ज्या मोहऱ्याच्या पट्टीत आहे तेच मोहरे होते, हवा तो वजीर मागता येत नाही. आणि प्याद्याने केलेली मात सगळ्यांत मानाची! प्रांताप्रांतात ह्यात थोडाफार फरक होता, पण सुलतान खान वाढले ते ह्याच साच्यातल्या नियमांत.

हे नियम एवढ्या तपशिलाने सांगण्याचे कारण असे की त्यांच्या पुढच्या सगळ्या हारजितीची मुळे इथे आहेत. देशी डावात प्यादी सावकाश सरकतात, त्यामुळे दोन्ही फौजा समोरासमोर यायला वेळ लागतो. पहिल्या दहा-बारा चालींत कुणी कुणाचा गळा धरीत नाही. खेळाडू आपापली मोर्चेबांधणी करतो, आणि खरी लढाई मध्यावर व शेवटी होते. विलायती डावात तसे नाही. तिथे सुरुवातीच्या चालींचे एक मोठे शास्त्रच झालेले होते. जाडजाड ग्रंथ होते, नियतकालिके होती. ज्याला ते पाठ नाही तो दहाव्या चालीलाच अडचणीत सापडायचा. सुलतान खान यांनी असा एकही ग्रंथ वाचलेला नव्हता. ते इंग्रजी जाणत नव्हते, आणि ते ग्रंथ उर्दूत नव्हते.

एकविशीत येईपर्यंत ते पंजाबातले सर्वांत बलवान खेळाडू म्हणून ओळखले जाऊ लागले होते. त्या भागातील मोठे जमीनदार व फौजी अधिकारी सर उमर हयात खान टिवाणा यांनी त्यांना आपल्या पदरी ठेवून घेतले आणि विलायती नियम शिकविण्याची व्यवस्था केली. राजेरजवाड्यांनी पदरी पहिलवान बाळगावा, गवई बाळगावा, तसा हा बुद्धिबळपटू. 1928 साली दिल्लीला अखिल भारतीय स्पर्धा झाली. सुलतान खान यांनी नऊ डावांपैकी आठ जिंकले, एक बरोबरीत सोडविला. हरले एकही नाहीत. दुसऱ्या वर्षी, 1929 च्या वसंतात, सर उमर त्यांना घेऊन लंडनला गेले.

आता इथे जे घडले ते मला त्यांच्या सगळ्या चरित्रात महत्त्वाचे वाटते, पण बहुतेक लेखक ते एका ओळीत उरकतात. सुलतान खान यांना सराव व्हावा म्हणून लंडनमध्ये एक छोटी स्पर्धा मुद्दाम भरविण्यात आली. तीत ते चक्क शेवटच्या क्रमांकावर आले! विल्यम विंटर आणि फ्रेडरिक येट्स हे दोन इंग्रज खेळाडू त्यांच्या पुढे होते. सुरुवातीच्या चाली माहीत नसल्यामुळे हा भारताचा विजेता तिथे नवशिक्या ठरला. दुसरा कुणी असता तर खचला असता, किंवा परत निघाला असता. पण स्पर्धा संपल्यावर तेच विंटर आणि तेच येट्स, ज्यांच्या मागे ते राहिले होते, त्यांना शिकवायला बसले. त्यानंतर काही महिन्यांतच, त्याच उन्हाळ्यात, रॅम्सगेट येथे ब्रिटनची राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि तिचे विजेतेपद सुलतान खान यांनी पटकावले. सगळे इंग्लंड चकित झाले.

हरलेला डाव परत मांडून चूक कोठे झाली ते शोधणे, हीच बुद्धिबळातली खरी शाळा. आज ह्या शाळेला मास्तर लागत नाही. माझ्या मैत्रिणीच्या मोबाइलवर जे बुद्धिबळाचे यंत्र आहे, ते कुठल्याही जगज्जेत्यापेक्षा बलवान आहे. हे ऐकून घरच्यांचा विश्वास बसत नाही, पण ते खरे आहे. ह्या यंत्रांचा इतिहासही मजेदार आहे. अ‍ॅलन ट्युरिंग ह्या इंग्रज गणितज्ञाने बुद्धिबळ खेळण्याची पद्धत कागदावर लिहून काढली. ती चालवील असे यंत्र जवळ नव्हते, तेव्हा 1952 साली तो स्वतःच यंत्र होऊन, एकेका चालीला अर्धा-अर्धा तास हिशेब करीत एका सहकाऱ्याशी खेळला आणि 29 चालींत हरला. म्हणजे ह्या यंत्राच्या कुळाचा पहिला नोंदलेला डावच हरलेला आहे! त्यानंतर 45 वर्षांनी, 1997 च्या मे महिन्यात, डीप ब्लू नावाच्या संगणकाने जगज्जेते कास्पारोव्ह यांना साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरविले. आज सर्वांत जास्त वापरले जाणारे यंत्र स्टॉकफिश हे 2008 सालचे. ते सर्वांना फुकट मिळते. स्टॉकफिश म्हणजे सुकविलेली मासळी. एक कर्ता नॉर्वेचा, दुसरा इटलीचा. नॉर्वेत तयार झाले आणि इटलीत शिजले म्हणून गमतीने हे नाव ठेवले.

हे यंत्र चूक शोधते ती अशी. प्रत्येक चालीनंतर पटाकडे पाहून ते एक आकडा देते. कोणाची बाजू किती वरचढ, हे प्याद्यांच्या हिशेबात सांगणारा तो आकडा असतो. अधिक असेल तर पांढऱ्याची सरशी, उणे असेल तर काळ्याची. तो आकडा काढण्यासाठी ते पुढच्या कित्येक चाली, त्यांची उत्तरे, उत्तरांची उत्तरे असे लाखो फाटे तपासते. एखाद्या चालीनंतर आकडा एकदम घसरला की ती चूक. यंत्र तिच्यावर खूण करते, आणि त्याऐवजी कोणती चाल हवी होती तेही दाखविते.

काही चुका अशा असतात की त्या यंत्राला क्षणात सापडतात. 1892 साली क्यूबातील हवाना येथे स्टाइनित्झ आणि रशियाचे चिगोरिन यांच्यात जगज्जेतेपदाची लढत झाली. तेविसाव्या डावात चिगोरिन यांच्याकडे एक मोहरे जास्त होते, डाव हातात होता. बत्तिसाव्या चालीला त्यांनी आपला उंट हलविला. त्या उंटाच्या तिरप्या पट्टीवर राजापुढचे प्यादे राखलेले होते, हे ते विसरले. स्टाइनित्झ यांच्या हत्तीने ते प्यादे मारून शह दिला. पुढच्या चालीला मात होती. डाव गेला, डावाबरोबर लढत गेली. ही चूक शोधायला यंत्रही नको. पटाशी उभा असलेला कोणीही ती दाखवू शकला असता. पण सगळ्या चुका अशा नसतात. दुसऱ्या जातीची चूक कशी असते, ते सुलतान खान यांच्याच सर्वांत प्रसिद्ध डावात पाहता येते. मात्र त्यात चूक त्यांची नव्हती, समोरच्याची होती.

समोर होते कापाब्लांका. क्यूबाचे होझे राउल कापाब्लांका, 1921 ते 1927 पर्यंतचे जगज्जेते. 1916 ते 1924 अशी आठ वर्षे हा गृहस्थ एकही डाव हरला नव्हता. खेळ इतका निर्दोष की लोक त्यांना बुद्धिबळाचे यंत्र म्हणत. यंत्रे नव्हती तेव्हाची ही गोष्ट! 1930 साल संपता संपता इंग्लंडमधील हेस्टिंग्ज येथे नाताळची स्पर्धा सुरू झाली. हॉलंडचे ऑयवे पहिले आले, कापाब्लांका दुसरे आणि सुलतान खान तिसरे. परंतु आपसातल्या डावात सुलतान खान यांनी कापाब्लांकांना हरविले.

पांढरी मोहरी सुलतान खान यांच्याकडे होती. त्यांनी त्या डावात किल्लेकोट बांधलाच नाही. राजा मध्येच ठेवला आणि उजव्या बाजूची प्यादी पुढे रेटली. (देशी पटावर वाढलेल्या माणसाला हे वावगे वाटले नसणार, असा माझा तर्क.) एकविसाव्या चालीला त्यांनी उंट पुढे आणून काळ्याच्या हत्तीवर धरला. कापाब्लांकांनी हत्ती मागे घेतला नाही. त्यांनी दुसऱ्या हत्तीने थेट पांढऱ्याच्या शेवटच्या रांगेत शिरून शह दिला. राजा सरकला. मग मागच्या हत्तीने शह. अशा रीतीने दोन हत्ती देऊन त्यांनी सुलतान खान यांचा वजीर घेतला.

हिशेबाने पाहिले तर ह्यात फारसे बिघडत नाही. वजिराची किंमत नऊ प्यादी धरतात, हत्तीची पाच. नऊ देऊन दहा घेतले तर पांढऱ्याला एक प्याद्याचा लाभ, बस्स. शिवाय वजीर हा मोकळ्या पटावर वाघ असतो. कापाब्लांकांचा वजीर लगेच पांढऱ्याच्या मुलखात घुसलाही. पण तिथे गेल्यावर त्याला मारण्यासारखे काहीच नव्हते. प्रत्येक प्यादे राखलेले. आणि पट बंद झालेला, दोन्हीकडची प्यादी एकमेकांच्या छातीला छाती लावून उभी. काळ्याचा एक उंट आपल्याच प्याद्यामागे कोंडला गेला होता, घोडा मागच्या रांगेत बसून होता. वजीर एकटा बाहेर. तो इकडे जातो, तिकडे जातो, परत येतो. पस्तिसाव्या चालीपासून पुढे तर तो दोन-चार घरांतच येरझारा घालीत राहिला, कारण करण्यासारखे दुसरे काही नव्हते.

सुलतान खान यांनी घाई केली नाही. दोन्ही हत्ती एकाच उभ्या पट्टीत एकापाठोपाठ एक लावले. उजवीकडचे प्यादे पुढे नेऊन त्या बाजूचे दार कायमचे बंद केले. राजा सावकाश डावीकडे सुरक्षित जागी नेला. मग पुन्हा परत आणला. ह्या चालींतून काय साधते ते वाचणाऱ्याला प्रथम कळत नाही. मला तरी तिसऱ्यांदा डाव मांडल्यावर कळले. ते वाट पाहत होते. त्रेपन्नाव्या चालीला हत्ती काळ्याच्या गोटात शिरला, एकसष्टाव्या चालीला त्याने प्यादे मारले, आणि त्यामागून पांढऱ्याचे प्यादे धावू लागले. 65 चालींनंतर कापाब्लांकांनी हार मान्य केली.

आता विचारावे, कापाब्लांकांची चूक कोणती? एकविसाव्या चालीचा तो शह? की त्याच्याही आधी, पट असा बंद होऊ दिला ती? यंत्राला विचारले तर ते प्रत्येक चालीला आकडा देते. पण त्याला पाच सेकंद विचार करू दिला तर एक आकडा येतो, पाच मिनिटे दिली तर दुसरा. बंद पटावर असे फार होते, कारण जे घडायचे ते तीस चाली पलीकडे असते. आणि आकडा आला तरी वजिराला जागा का उरली नाही, हे आकडा सांगत नाही. ते आपणच पटावर बोट ठेवून शोधावे लागते. आमच्या महाविद्यालयातील खेळणारी मुले डाव हरले की लगेच मोबाइल उघडतात, लाल खुणा पाहतात, हं म्हणतात आणि पुढचा डाव मांडतात. माझे मत असे की आधी आपण त्या वेळी काय विचार केला होता ते कागदावर लिहावे, मग यंत्र उघडावे. विंटर आणि येट्स समोर बसले असतील तेव्हा सुलतान खान यांना हेच करावे लागले असेल. तेही दुभाष्यामार्फत!

1930 ते 1933 ही त्यांची वैभवाची वर्षे. 1930 साली बेल्जियममधील लिएज येथे ते तार्ताकोवर यांच्यामागे दुसरे आले. 1931 च्या आरंभी त्याच तार्ताकोवर यांच्याशी बारा डावांची लढत झाली. सुलतान खान यांनी चार जिंकले, तीन हरले, पाच बरोबरीत, म्हणजे लढत साडेसहा विरुद्ध साडेपाच अशी जिंकली. ऑलिंपियाडमध्ये ते इंग्लंडकडून पहिल्या पटावर बसत, म्हणजे प्रत्येक देशाचा सर्वांत बलाढ्य खेळाडू त्यांच्याच वाट्याला येई. 1930 ला हॅम्बुर्ग येथे नऊ जिंकले, चार हरले. 1931 ला प्राग येथे आठ जिंकले आणि फक्त दोन हरले. प्राग येथे फ्लोर आणि रुबिनस्टाइन यांना त्यांनी हरविले व त्या वेळचे जगज्जेते अलेखिन यांच्याशी बरोबरी केली. 1932 आणि 1933 साली ब्रिटनचे विजेतेपद पुन्हा त्यांचेच. पाच वर्षांत तीन वेळा. कापाब्लांकांनी पुढे लिहिताना त्यांच्या प्रतिभेला असामान्य म्हटले. सुरुवातीच्या चालींचे ज्ञान नसताना हा माणूस इथवर पोचतो, ह्याचेच त्यांना नवल वाटले होते.

पराभवही होते, ते लपवू नयेत. 1932 साली फ्लोर यांच्याशी सहा डावांची लढत ते एका गुणाने हरले. 1933 च्या फोकस्टनच्या ऑलिंपियाडमध्ये चार जिंकले आणि चारच हरले. विलायतेची थंडी त्यांना सोसत नसे. हिवताप पाठ सोडीत नव्हता, घसा वारंवार धरायचा. गळ्याला पट्टी गुंडाळून ते पटाशी बसत. यंत्र ह्या डावांतही चुकीच्या चालीवर खूण करील, पण त्या दिवशी खेळणाऱ्याच्या अंगात ताप होता की नव्हता ते त्याला दिसणार नाही.

फोकस्टननंतरची एक गोष्ट बुद्धिबळाच्या पुस्तकांतून नेहमी सांगितली जाते. अमेरिकेच्या संघाला सर उमर यांनी लंडनमधील आपल्या घरी जेवायला बोलाविले. पाहुणे पानावर बसले, आणि वाढायला आले ते सुलतान खान! ज्याच्याशी आपण काल पटावर झुंजलो तो आज आपल्याला वाढतो आहे, हे पाहून रुबेन फाइन आणि त्यांचे सहकारी संकोचून गेले. फाइन यांनीच पुढे हे लिहिले. त्यावरून अशिक्षित नोकर, गुलाम अशी विशेषणे सुलतान खान यांच्या नावाला कायमची चिकटली. अलीकडे त्यांच्या घरच्या मंडळींनी ह्यास जाहीर हरकत घेतली आहे. सुलतान खान हे जमीनजुमला असलेल्या घराण्यातले, मान असलेल्या कुटुंबातले होते. त्यांना लिहितावाचता येत होते. नोकर हा शिक्का विलायतेच्या लोकांनी आपल्या समजुतीप्रमाणे मारला, असे त्यांचे म्हणणे. ह्यात मला तथ्य वाटते. इंग्रजी येत नाही म्हणजे अक्षरशत्रू, हा हिशेब आपल्याकडेही चालतो. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. माझ्या आबांना अंगठा उठवावा लागतो, पण चार पिढ्यांच्या जमिनीच्या वाटण्या, गुंठ्यासह, त्यांना तोंडपाठ आहेत. त्यांना अडाणी म्हणणाऱ्याने त्यांच्याशी एक डाव खेळून पाहावा. आणि सुलतान खान यांनी वाढले असेलच, तर आपल्याकडे घरधनी पाहुण्यांना स्वतः वाढतो, त्यात कमीपणा कुठला? अर्थात पाहुण्यांचे यजमान सर उमर होते, ते नव्हते, हेही खरे. एका घरात राहणाऱ्या दोघांमधले अंतर किती होते, ते आज दुरून मोजता येत नाही.

त्याच घरात आणखी एक व्यक्ती होती, तिच्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. फातिमा. ती सर उमर यांच्या घरी कामाला होती असे सांगतात. ती बुद्धिबळ शिकली आणि 1933 साली, सुलतान खान पुरुषांचे विजेतेपद जिंकत होते त्याच वर्षी, ब्रिटनच्या महिलांची विजेती झाली. अकरा डावांपैकी दहा जिंकले, एक बरोबरीत. दुसऱ्या क्रमांकापेक्षा तीन गुण जास्त! कुठल्याही स्पर्धेत एवढे अंतर क्वचितच पडते. पण सुलतान खान यांच्यावर पुस्तके निघाली, आणि फातिमेला त्यांत चार-सहा ओळी मिळतात. आमच्याकडे पारावर पट मांडलेला असतो तेव्हा मुली लांबून पाहतात. पारावर बसलेल्यांना कोणी फातिमेचे नाव सांगितले पाहिजे.

1933 च्या डिसेंबरात सर उमर हिंदुस्थानात परतले आणि त्यांच्याबरोबर सुलतान खानही. युरोपातील त्यांचा खेळ तिथे संपला. वय तिशीच्या आतबाहेर, म्हणजे खेळाडूच्या ऐन उमेदीचे. आपल्या महाराष्ट्राशी त्यांचा संबंध येतो तो यानंतर. 1935 साली त्यांची लढत व्ही. के. खाडिलकर यांच्याशी झाली. खाडिलकर हे आपल्याकडचे नावाजलेले खेळाडू. दहा डाव झाले. सुलतान खान यांनी नऊ जिंकले, एक बरोबरीत सुटला. साडेनऊ विरुद्ध अर्धा! खाडिलकरांच्या बाजूने पाहिले तर फार कठोर निकाल. पण ज्याने कापाब्लांकांना पाणी पाजले त्याच्याकडून अर्धा गुण काढणे, हेही कमी नव्हे, असे मी म्हणेन. जगातल्या पहिल्या दहांतला माणूस आपल्याच देशात राहत होता आणि त्याच्यासमोर दहा डाव बसण्याचे धाडस एका मराठी माणसाने केले. ही लढत म्हणजे सुलतान खान यांच्या कारकिर्दीचा जवळजवळ शेवटच ठरला.

पुढे ते आपल्या मुलखात, सरगोध्याच्या भागात शेती करून राहिले. मोठा संसार होता. 1944 साली सर उमर वारले. 1947 ला फाळणी झाली आणि ज्या देशाचे ते 1928 चे विजेते होते तो देश सीमेच्या ह्या बाजूला राहिला, ते त्या बाजूला. मुलांना त्यांनी बुद्धिबळ शिकविले नाही. आयुष्यात ह्याहून उपयोगाचे काही करा, असे ते मुलांना सांगत, अशी आठवण मुलाने सांगितली आहे. हे वाचून बुद्धिबळाचे भक्त हळहळतात. एवढी प्रतिभा शेतात गेली, परत येण्यात त्यांनी चूक केली, असा सूर बऱ्याच लिखाणात दिसतो. मला तो सूर पटत नाही. एक तर परत येणे त्यांच्या एकट्याच्या हातात नव्हते. येण्याजाण्याचा खर्च, राहण्याची सोय, सगळे दुसऱ्याच्या हाती. दुसरे असे की ज्या खेळाने मानमरातब दिला पण पोट भरण्याची हमी दिली नाही, त्याच्यामागे मुलांना लावू नये असे एखाद्या बापाला वाटले, तर त्यात नवल काय? आमच्याकडे कुस्तीत नाव काढलेल्या मल्लांची मुले कंडक्टर आणि शिक्षक झालेली आहेत. त्यांना कोणी चुकले म्हणत नाही.

1950 साली बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेने, म्हणजे फिडेने, ग्रँडमास्टर ही पदवी प्रथमच अधिकृतपणे दिली. पहिल्या यादीत 27 नावे होती. तीत तार्ताकोवर होते, रुबिनस्टाइन होते, फ्लोर होते. ह्या तिघांनाही सुलतान खान यांनी हरविलेले होते. यादीतले काही जण तर वृद्धापकाळामुळे खेळणे सोडून बसलेले, केवळ जुन्या कर्तृत्वावर त्यांना पदवी मिळाली. सुलतान खान यांचे नाव नव्हते. ते तेव्हा जिवंत होते, पन्नाशीच्याही आत होते, सरगोध्याला शेती पाहत होते.

25 एप्रिल 1966 रोजी क्षयाने त्यांचे निधन झाले. सरगोध्याच्या परिसरातच त्यांना दफन करण्यात आले. ग्रँडमास्टर ही पदवी फिडेने त्यांना दिली ती 2024 च्या फेब्रुवारीत, मृत्यूनंतर जवळजवळ 58 वर्षांनी. फिडेचे अध्यक्ष त्यासाठी इस्लामाबादला आले होते. पदवी पाकिस्तानच्या नावावर नोंदली गेली. त्यांचे सगळे मोठे डाव मात्र अखंड हिंदुस्थानचे प्रजाजन असताना खेळलेले आहेत, आणि हेस्टिंग्जचा तो 65 चालींचा डाव आज कोणालाही मोबाइलवर मांडून पाहता येतो.